एक्केचाळीस कॅसेटींचा प्रश्न

गेल्या अंकातील पत्रव्यवहारात एका सन्मान्य ज्येष्ठ सभासदांनी अशी सूचना केली आहे की, संस्थेच्या माडीवर पत्र्याच्या पेटीत पडून असलेल्या एक्केचाळीस व्हीएचएस कॅसेटी एकदाच्या एखाद्या स्टुडिओकडे सोपवाव्यात, त्यांच्याकडून सर्व व्याख्याने पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत, यूट्यूबवर चढवावीत आणि पेटी मोडीत काढून ती जागा ग्रंथालयास द्यावी. ओघातच त्यांनी असेही लिहिले आहे की, इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर काही मंडळी हे काम संस्थेतच करू पाहत आहेत. पण फुकटच्या वस्तूला ना वाली असतो ना जबाबदारी, तेव्हा हा पोरखेळ थांबवावा. 'काही मंडळी' म्हणजे आम्ही, हे संस्थेत येणाऱ्या सर्वांस ठाऊक आहे. म्हणून उत्तर देण्याचे कर्तव्यही आमच्याकडेच येते.

सूचना सद्भावनेची आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि ती चुकीची आहे आणि घातकही आहे. हे आम्ही इतक्या ठामपणे म्हणतो, कारण हीच चूक आम्ही स्वतः २००६ साली सहीशिक्क्यानिशी केलेली आहे.

त्या वेळी आम्ही राज्य शासनाच्या सेवेत होतो आणि संस्थेचे मानद कोषाध्यक्षपद आमच्याकडे होते. व्याख्यानमालेच्या चौसष्ट कॅसेटी संस्थेत जमल्या होत्या. इंदूरच्या दमट पावसाळ्यात त्या टिकणार नाहीत, त्या 'डिजिटल' करून घ्याव्यात, असा ठराव झाला. शासकीय शिस्तीप्रमाणे आम्ही तीन दरपत्रके मागविली. दोघांनी डीव्हीडीचा दर दिला होता, तिसऱ्याने व्हीसीडीचा. तिसऱ्याचा दर अर्थातच सर्वांत कमी. दोन्हींत नेमका फरक काय, हे आम्ही विचारले नाही. नस्तीवर 'न्यूनतम दर मान्य' असा शेरा मारला आणि सही केली. काम दिलेल्या मुदतीत पूर्ण झाले, चकत्या आल्या, रंगीत वेष्टने आली, देयक चुकते झाले. त्यानंतर मूळ कॅसेटींच्या निर्लेखनाची टिप्पणी आली, तिच्यावरही आमचीच सही आहे.

त्या चौसष्टांपैकी तेवीस भंगारात गेल्या. उरलेल्या एक्केचाळीस आज आहेत त्या आमच्या शहाणपणामुळे नव्हेत. संस्थेच्या जुन्या शिपायांनी त्या रंगमंचाखालच्या पेटीत झाकून ठेवल्या आणि कोणास सांगितले नाही. 'साहेब, ज्यांचा आवाज आहे ती माणसे गेली, टाकवले नाही,' एवढेच उत्तर त्यांनी पुढे कधीतरी दिले. निर्लेखित वस्तू परस्पर ठेवून घेणे हा नियमभंगच होय. त्या नियमभंगाचे ऋण आमच्यावर आहे.

गेलेल्या तेविसांत १९९४ सालच्या मोडी लिपीच्या वर्गाची कॅसेट होती. वर्ग घेणारे गृहस्थ आज हयात नाहीत. होळकरशाहीचे कागद नजरेखालून गेलेला तो माणूस, फळ्यावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढी आणि मग त्या रेषेला एकामागून एक अक्षरे लोंबकळवीत नेई. हात कोठे उचलायचा, कोठे नाही, हे सांगत सांगत. मोडी शिकायची ती अशीच. पुस्तकातील तक्त्यावरून वळण कळत नाही. पाच वर्षांपूर्वी, सेवानिवृत्तीनंतरच्या सवडीत, आम्ही त्या तासाची व्हीसीडी लावली. आवाज बऱ्यापैकी आहे. गुरुजी दिसतात. फळाही दिसतो. फळ्यावरील शिरोरेषा मात्र दिसत नाही. कोठे आहे, कोठे नाही. अक्षरे पांढऱ्या किड्यांप्रमाणे वळवळतात.

हे का झाले, ते समजून घेण्यासाठी आम्हांस वयाच्या बासष्टाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. वाचकांस कंटाळा येणार नाही अशा बेताने ते येथे सांगतो, कारण सगळा वाद या एका मुद्द्यावर उभा आहे.

आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणीचे चित्र ५७६ ओळींचे असे, आणि सेकंदाला अशी पंचवीस चित्रे. परंतु एक चित्र एकदम काढले जात नसे. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. म्हणजे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे, आणि प्रत्येक अर्ध्यात २८८ ओळी. डोळ्यांस ती जुळून एक दिसत. व्हीएचएस फितीवर हेच नोंदले जाते. आता व्हीसीडी हे १९९३ सालचे प्रमाण. त्यात चित्र ३५२ बाय २८८ इतकेच मावते. २८८ म्हणजे ५७६ चे बरोबर निम्मे. तेव्हा स्वस्त यंत्र सोपी युक्ती करते : दोन अर्ध्यांपैकी एक ठेवते, दुसरे फेकून देते. आडव्या दिशेची हानी तशी फार नाही, कारण व्हीएचएसच्या फितीत मुळातच आडवा तपशील थोडा. जुन्या मापाने सुमारे २४० रेषांचा. परंतु उभ्या दिशेने चित्र निम्मे झाले. खडूची बारीक आडवी रेषा ज्या ओळींत होती त्या फेकल्या गेल्या, तर ती रेषाच गेली. मोडीची शिरोरेषा ही नेमकी बारीक आडवी रेषा आहे! शिवाय जे उरले ते सेकंदाला जेमतेम साडेअकरा लक्ष बिटांत कोंबले. मूळ चित्र काहीही न दाबता साठविले, तर तासाला सुमारे पंचाहत्तर गीगाबाइट लागतात. आपल्या चकतीवर त्याच तासाला अर्धा गीगाबाइट मिळाला.

यात त्या व्यावसायिकाने फसविले असे आम्ही म्हणत नाही. त्याने व्हीसीडी सांगितली, व्हीसीडी दिली. फसलो ते आम्ही, कारण काय विकत घेत आहोत हे विचारण्याइतके ज्ञान आमच्याजवळ नव्हते आणि ते मिळविण्याची इच्छाही नव्हती. सरकारी कचेरीत विटांच्या कामाचे माप आम्ही स्वतः टेप लावून तपासत असू. येथे नुसते वेष्टन पाहून देयक मंजूर केले.

आता 'फुकट' या शब्दाकडे येऊ. इंग्रजीत एकाच शब्दाने फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ निघतात, आणि त्यामुळे त्या भाषेतील मंडळींना या सॉफ्टवेअरच्या बाबतीत जन्मभर खुलासे करीत बसावे लागले. मराठीत तसा घोटाळा होण्याचे कारण नाही. आपल्याजवळ दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचे संस्कार वेगळे आहेत, एक हलका आहे आणि दुसरा जड आहे. तरीही आपण नेमका हलका उचलावा, हे नवल. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून या चळवळीचा आग्रह किमतीविषयी नसून हक्काविषयी आहे : प्रणाली कशी चालते ते वाचता यावे, बदलता यावी, दुसऱ्यास देता यावी. किंमत लागत नाही, हा त्याचा आनुषंगिक लाभ.

ज्या सॉफ्टवेअरला आमचे स्नेही पोरखेळ म्हणतात त्याचे नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली ते सुरू केले; पुढे मिखाएल नीडरमायर आणि जगभरच्या शेकडो लोकांनी ते वाढविले. नावातील पहिली दोन अक्षरे 'फास्ट फॉरवर्ड'ची आहेत, म्हणजे आपल्या व्हीसीआरवरील त्याच बटणाची. त्याच्या जोडीला चित्र दाबण्याचे काम करणारे एक्स२६४ आहे, पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून निघालेला व्हीएलसी हा प्लेअर आहे, आणि आज्ञा टंकणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी हँडब्रेक आहे. हे सर्व मुक्त. बाजारात पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या कित्येक 'व्हिडिओ कन्व्हर्टर'च्या पोटात हेच एफएफएमपेग असते. वर रंगीत मुखवटा, इतकेच. परवान्याच्या अटी न पाळता असे करणाऱ्यांची एक जाहीर यादीच त्या प्रकल्पाने एके काळी ठेवली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये नासाचे पर्सिव्हिअरन्स यान मंगळावर उतरले, त्या उतरण्याचे चित्रण यानावरच्या संगणकात याच एफएफएमपेगने दाबून साठविले. मंगळावर जे विश्वासास पात्र ठरले, ते आमच्या माडीवर पोरखेळ ठरावे!

'वाली कोण' हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या मराठी जगाला इतरांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असावयास हवे. याच नियतकालिकाचे जुने अंक आठवा. नव्वदीच्या दशकात आपण संगणकावर अक्षरजुळणी करू लागलो, तेव्हा एका खासगी फॉन्टची प्रणाली विकत घेतली. संगणकाच्या मागे खोचायचे एक कुलूप तिच्यासोबत येई. ते नसेल तर मराठी उमटत नसे. पुढे संगणक बदलला, कुलूप खोचायची खाचच नव्या यंत्रात नव्हती, आणि एके दिवशी बारा वर्षांच्या अंकांच्या फाइली उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा उकिरडा. छापील अंक होते म्हणून बचावलो. त्या फॉन्टला वाली होता, कंपनी होती, पावती होती, हमीपत्रही होते. नव्हती ती एकच गोष्ट : आत कोणत्या अक्षराला कोणता आकडा दिला आहे, याचा उघड तक्ता. युनिकोडचा तक्ता उघडा आहे, म्हणून आज लिहिलेले मराठी कोणत्याही यंत्रावर उमटते. वाली आज असतो, उद्या नसतो. तक्ता उघडा असेल तर वाली नसतानाही काम अडत नाही.

चलच्चित्राच्या क्षेत्रात हेच झाले आहे, अधिक वेगाने. वीसएक वर्षांपूर्वी रिअलप्लेअरच्या फाइली सर्वत्र असत. विंडोज मीडियाच्या असत. मग फ्लॅश आले, त्याला खुद्द ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी मूठमाती दिली. या अनाथ फाइली आज कोण उघडते? एफएफएमपेग आणि व्हीएलसी. ज्या कंपन्यांनी त्या घडविल्या त्यांनी सोडून दिल्या. ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांनी त्या उलगडून, त्यांची रीत शोधून, सर्वांसाठी वाचत्या ठेवल्या. मोडी वाचणारा शेवटचा कारकून गेल्यावर दफ्तर जसे मुके होते, तसे होऊ न देण्याचे काम हे लोक बिनपगारी करीत आहेत.

एक फरक वाचकांनी ध्यानात घ्यावा, म्हणजे स्टुडिओवाल्यांशी बोलताना उपयोगी पडेल. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही नावे डब्यांची आहेत. आत पदार्थ कोणता, ते निराळे. डबा बदलण्यास काही सेकंद लागतात आणि पदार्थ जसाच्या तसा राहतो. परंतु बहुतेक दुकानांत 'एमपी४ करून द्या' म्हटले की पदार्थच पुन्हा शिजवतात, आणि दाबलेले चित्र पुन्हा दाबले की प्रत्येक वेळी थोडे जाते, चहाच्या त्याच भुकटीवर दुसऱ्यांदा पाणी ओतावे तसे. एफएफएमपेगमध्ये 'नुसता डबा बदल' अशी एका शब्दाची सूचना आहे. ती कोणास माहीत नसते, कारण दुकानांतल्या प्रणालीत ते बटण सहसा नसते.

स्टुडिओकडे द्यावेच असे संस्थेने ठरविले, तरी आमचा विरोध स्टुडिओला नाही, बिनशर्त देण्याला आहे. साधा हिशेब पाहा. तीन तासांची कॅसेट उतरविण्यास तीन तास लागतात. त्यात घाई करता येत नाही. एक्केचाळीस कॅसेटींचे सुमारे सव्वाशे तास झाले. एका व्हीसीआरवर रोज आठ तास म्हटले तरी पंधरा दिवसांहून अधिक. एका दुकानदाराने आम्हांस 'चार दिवसांत देतो' असे सांगितले. कसे, हे विचारल्यावर त्याने चहा मागविला.

संस्थेने कोणाकडूनही घ्यावी ती प्रत अशी असावी की जिच्यात काहीही गमावलेले नाही : ७२० बाय ५७६, दोन्ही अर्धी चित्रे शाबूत, आणि आवाज न दाबलेला. यासाठी एफएफव्ही१ नावाची मुक्त पद्धत आहे. ती नीडरमायर यांनीच २००३ साली घडविली. ही पद्धत चित्र दाबते, साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणते, पण परत उलगडले की बिंदूबिंदूने मूळ तेच मिळते. शिवाय प्रत्येक चित्राच्या तुकड्यांसोबत ताळ्याचे आकडे ठेवता येतात. चकतीवर एखादी जागा खराब झाली, तर कोणत्या क्षणाचे चित्र बिघडले ते कळते. रोजकीर्द आणि खतावणी जुळविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला यासारखा आनंद नाही. ही पद्धत आणि तिचा डबा मात्रोश्का (रशियन बाहुल्यांवरून घेतलेले हे नाव) ही दोन्ही आता इंटरनेटच्या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली आहेत. पहिली २०२१ साली, दुसरी २०२४ साली. व्हिएन्नातील ऑस्ट्रियन मीडियाथेक हे तेथील राष्ट्रीय दृक्श्राव्य संग्रहालय. त्याने आपल्या चित्रफितींसाठी एफएफव्ही१ कितीतरी आधी स्वीकारली. तिची संपूर्ण रीत कागदावर उघड आहे. पन्नास वर्षांनी एफएफएमपेग उरले नाही, तरी तो कागद वाचून कोणीही नवे अवजार घडवू शकेल.

आमच्या स्नेह्यांच्या सूचनेतील यूट्यूबविषयी थोडक्यात. दाखविण्यासाठी ते उत्तम आहे, आणि नातवंडे अमेरिकेत असलेल्या सभासदांसाठी तर फारच उपयोगी. पण ते कोठार नव्हे. चढविलेली प्रत्येक फाइल ते पुन्हा दाबून प्रेक्षकांस देते. खाते कोणाच्या तक्रारीवरून बंद होईल, नियम केव्हा बदलतील, हे आपल्या हाती नाही. गूगल व्हिडिओ नावाची सेवा याच कंपनीची होती. ती २०१२ साली बंद झाली. ऑर्कुट २०१४ साली. नाटकाची जाहिरात भिंतीवर लावतात, म्हणून संहिताही भिंतीवरच ठेवावी काय?

आणखी एका गोष्टीविषयी आम्हांस अधिक कडक शब्दांत लिहिले पाहिजे, कारण तिचा मोह कार्यकारिणीतील तरुण सभासदांस पडला आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने जुनी चित्रे 'सुधारून' देणाऱ्या सेवा निघाल्या आहेत. मोडीच्या वर्गाचा पाच मिनिटांचा तुकडा एका तरुण मित्राने हौसेने तसा सुधारून आणला. सभागृहातील पडद्यावर तो लावला तेव्हा टाळ्या पडल्या. गुरुजींचा चेहरा तुकतुकीत झाला होता, चष्म्याच्या काड्या स्पष्ट झाल्या होत्या, आणि फळ्यावर सुरेख, ठळक अक्षरे उमटली होती. आम्ही पुढे जाऊन पाहिले. ती अक्षरे मोडी नव्हती. देवनागरी नव्हती. कोणत्याच लिपीची नव्हती. यंत्राने जे नाही ते अंदाजाने भरले होते. गुरुजींचे ओठ जे अक्षर सांगत होते, त्याच्याशी फळ्याचा काही संबंध उरला नव्हता.

याला सुधारणा म्हणत नाहीत. नस्तीतील फाटलेल्या पानावर कोणी स्वतःच्या मनाने मजकूर लिहून ठेवला, तर त्याला आम्ही सेवेत असताना जो शब्द वापरत असू, तोच येथे योग्य आहे. गेलेले गेले, ते गेले आहे, हे दिसू देणे हाही प्रामाणिकपणाच. यंत्राची करामत ज्यांना दाखवायची असेल त्यांनी ती आपापल्या लग्नाच्या कॅसेटींवर खुशाल दाखवावी. तेथे शालूचा काठ बदलला तर वाद घरातल्या घरात राहील.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सारे गोडच आहे, असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एफएफएमपेगची दारे उघडी असली तरी उंबरा उंच आहे. सारे मार्गदर्शन इंग्रजीत. तेही माहीत असलेल्यास पुन्हा सांगावे अशा थाटाचे. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही केलेल्या चुका मोजण्यापलीकडच्या आहेत. अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा लावला, तर वक्ते हात हलवताना झटके आल्यासारखे पुढेमागे होऊ लागले. एकदा चित्राची उंची-रुंदी चुकली आणि किडकिडीत प्रकृतीसाठी प्रसिद्ध असलेले एक कवी चांगलेच बाळसेदार दिसू लागले. (त्यांच्या कन्येने ते पाहून बाबांचा फोटो असाच ठेवा म्हटले.) चळवळीतील माणसेही माणसेच : २०११ साली या प्रकल्पात भांडण होऊन लिबाव्ह नावाची वेगळी चूल मांडली गेली, काही लिनक्स वितरणांनी तिला जवळ केले, आणि २०१५ च्या सुमारास ती पुन्हा मूळ घरी परतली. संस्थेच्या निवडणुका पाहिलेल्यांना यात नवीन काही वाटू नये. आणि एच.२६४ या पद्धतीवर पेटंटे होती व काही देशांत काही अजूनही आहेत, म्हणून तर २०१८ साली अनेक कंपन्यांनी मिळून एव्ही१ ही बिनशुल्क पद्धत पुढे आणली.

पण या उणिवा दूर करता येण्याजोग्या आहेत, त्या आपल्यापासून लपविलेल्या नाहीत. केरळने आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. केंद्र शासनाच्या २०१५ सालच्या धोरणानुसार शासकीय खरेदीत मुक्त प्रणालींचा विचार झालाच पाहिजे आणि तो टाळायचा तर कारण द्यावे लागते. शासनाला जे कारण लेखी द्यावे लागते, ते आमच्या स्नेह्यांना 'फुकटचे' या एका विशेषणात उरकता आले, हे आम्हांस सेवेत असताना जमले असते तर किती नस्त्या लवकर निकाली निघाल्या असत्या!

आता गेल्या आठ महिन्यांत काय झाले, ते सांगतो, म्हणजे पोरखेळाचा हिशेब सर्वांसमोर राहील. एका सभासदांच्या घरचा जुना संगणक मिळाला, त्यावर लिनक्स घातले. व्हीसीआर दुरुस्त करणारा कारागीर जेल रोडवर शोधून काढला. त्याने यंत्राची टोके साफ केली आणि पैसे घेण्यास नकार दिला. व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये फितीच्या ओळींची डगमग सावरणारे एक उपकरण लागते. ते जुने, वापरलेले विकत घेतले. हाच सर्वांत मोठा खर्च. दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोन ते सहा एक कॅसेट लागते. ती चालू असताना कोणीतरी समोर बसते, कारण एखादे चित्र निसटले की पुढे आवाज आणि ओठ यांची फारकत होते. मूळ प्रत एफएफव्ही१ मध्ये ठेवतो, प्रत्येक चित्राची ताळ्याची यादी वेगळी काढतो, आणि मग पाहण्यासाठीची प्रत करतो : अर्धी चित्रे जुळवून, सेकंदाला पन्नास चित्रे ठेवून, कडेची थरथर कापून, एक्स२६४ ने दाबून. ती प्रत वाटावी, चढवावी, पेनड्राइव्हवर न्यावी, भ्रमणध्वनीवर पाहावी. तिच्याविषयी आमचा काहीच हट्ट नाही. मूळ संग्रह दोन चकत्यांच्या दोन जोड्यांत राहतो, एक जोडी संस्थेत, एक बँकेच्या पेटीत. कॅसेटी उतरविल्यावरही पेटीतच परत जातात.

सत्तावीस झाल्या. चौदा उरल्या आहेत. कार्यकारिणीच्या येत्या सभेत हा विषय येईल, तेव्हा आमच्या तीन मागण्या आहेत आणि त्या आम्ही लेखी दिल्या आहेत. उतरविलेली असो वा नसो, एकही मूळ कॅसेट निर्लेखित होऊ नये. काम संस्थेत होवो वा बाहेर, काहीही न गमावलेली प्रत उघड प्रमाणात मिळाल्याखेरीज कोणाचेही देयक मंजूर होऊ नये. आणि २००६ च्या निर्लेखनाच्या टिप्पणीवर आमच्या सहीखाली आमचा आजचा अभिप्राय जोडला जावा, म्हणजे पुढच्या कोषाध्यक्षांस ती नस्ती उघडल्यावर दोन्ही सह्या एकत्र दिसतील.

उरलेल्या चौदांपैकी तिघींवर पांढरी बुरशी आहे. बुरशीची कॅसेट यंत्रात घातली तर यंत्र बिघडते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही ती लागते, म्हणून त्या तिघी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. त्यांच्यासाठी दुसरा, बिघडला तरी चालेल असा व्हीसीआर हवा आहे. नवे व्हीसीआर बनविणारी शेवटची कंपनीही २०१६ सालीच थांबली, तेव्हा बाजारात शोधून उपयोग नाही. ज्या सभासदांच्या माळ्यावर, जुन्या दिवाणात किंवा जावयाच्या घरी एखादा पडून असेल, त्यांनी तो बुधवारी किंवा शनिवारी दुपारी माडीवर आणून द्यावा. रिमोट नसला तरी चालेल.